मूल होत नसेल तेव्हा माहिती आणि आधार कसा शोधावा: क्रम, तयारी आणि नेहमीच्या चुका

बहुतेक जोडपी उलट्या क्रमाने जातात. आधी रात्र रात्र मोबाइलवर शोध, मग कुणीतरी सुचवलेल्या गोळ्या, मग एकट्या बाईच्याच तपासण्या, आणि दोन वर्षांनी नवऱ्याचा पहिला रिपोर्ट. त्यात गेलेला वेळ परत मिळत नाही, कारण स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता वयानुसार कमी होत जाते. योग्य क्रम असा: आधी स्वतःची माहिती कागदावर, मग दोघांच्या तपासण्या, मग बाहेरची माहिती. आणि आधाराची माणसं उपचार फसल्यावर शोधायची नाहीत, पहिल्या इंजेक्शनच्या आधीच ठरवायची.

## टप्पा १: थांबायचं की लगेच जायचं, ते ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार कोणतंही गर्भनिरोधक न वापरता नियमित संबंध ठेवून १२ महिन्यांत गर्भ राहिला नाही, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी याला तोंड द्यावं लागतं. म्हणजे तुम्ही एकटे नाही आहात आणि यात लपवण्यासारखंही काही नाही.

सगळ्यांनी वर्षभर थांबायचं नसतं. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर ६ महिने, ४० च्या पुढे असेल तर मूल हवं असं ठरताच डॉक्टरांकडे जावं. पुढीलपैकी काही असेल तर वय किंवा महिने न मोजता जावं:

- पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांहून उशिरा येते, किंवा येतच नाही
- एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), ओटीपोटात पूर्वी झालेला संसर्ग, अंडाशयावरची शस्त्रक्रिया, कॅन्सरचे उपचार
- पुरुषाच्या बाबतीत: लहानपणी अंडकोष खाली न उतरणं, वयात आल्यावर गालगुंडात अंडकोष सुजणं, लिंग ताठ होण्यात किंवा वीर्य बाहेर येण्यात अडचण
- आपोआप झालेले दोन किंवा अधिक गर्भपात

तपासून पाहा: "नियमित संबंध" म्हणजे नेमकं काय, ते एकदा प्रामाणिकपणे मोजा. शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत टिकतात, स्त्रीबीज मात्र १२ ते २४ तास. म्हणून बीज सुटण्याच्या आधीचे ५ दिवस आणि तो दिवस, असे ६ दिवसच उपयोगाचे. त्या काळात एक दिवसाआड संबंध पुरेसा आहे. कामामुळे महिनेच्या महिने दूर राहणाऱ्या जोडप्याचं "एक वर्ष" प्रत्यक्षात तीन-चार महिन्यांचंच भरतं.

## टप्पा २: एका पानाची फाइल तयार करा

जाड फाइल पाहून कोणत्याही डॉक्टरला पहिल्या दहा मिनिटांत चित्र कळत नाही. सगळ्यात वर एकच पान ठेवा आणि त्यावर या क्रमाने लिहा:

दोघांची वयं आणि किती महिने प्रयत्न चालू आहेत. शेवटच्या सहा पाळ्यांचे पहिले दिवस, तारखेनिशी. आधीचे गर्भ आणि गर्भपात, आधीच्या नात्यातले असले तरी. दोघांच्या शस्त्रक्रिया आणि आजार. दोघांची चालू औषधं, त्यात व्यायामशाळेतली पावडर, केसांच्या गोळ्या, झाडपाला, सगळं. तंबाखू आणि दारू, खरं प्रमाण. त्याखाली आतापर्यंतच्या तपासण्या: तारीख, पाळीचा कितवा दिवस, आकडा आणि एकक.

हे शेवटचं एकक बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच घोळ होतो. एएमएच म्हणजे अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन. त्याचा आकडा काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, काही पिकोमोल प्रति लिटरमध्ये. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे साधारण ७.१४ पिकोमोल प्रति लिटर. स्वतःचा १.५ कुणा दुसरीच्या १०.७ शी लावून पाहून रात्रभर रडणाऱ्या बाईला कोणी सांगत नाही की ते दोन्ही आकडे एकच आहेत.

पाळीचा पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. आधीचे दोन दिवस नुसते डाग पडले असतील तर ते धरायचे नाहीत. इथे चूक झाली की पुढची प्रत्येक तपासणी चुकीच्या दिवशी पडते.

इशारा: बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंची निर्मिती दाबतं, कधी कधी पूर्ण थांबवतं. "ताकदीसाठी" चालू असलेलं असं इंजेक्शन किंवा जेल डॉक्टरांपासून लपवलंत, तर पुढचा सगळा तपास वाया जातो.

## टप्पा ३: दोघांच्या तपासण्या, एकाच महिन्यात, योग्य दिवशी

सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण सापडतं, एकटं किंवा दुसऱ्या कारणाच्या जोडीने. तरीही वीर्यतपासणी शेवटी ढकलली जाते. ती सगळ्यात सोपी आणि बिनदुखीची तपासणी आहे, म्हणून ती पहिली करा.

वीर्यतपासणी. आधी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस वीर्यपतन झालेलं नसावं. नेमके किती दिवस ते लॅबला सांगा. डबी लॅबनेच दिलेली घ्या. थुंकी, तेल, साबण, वंगण काही वापरू नका. साधा कंडोमही चालत नाही, कारण या सगळ्यांनी शुक्राणूंची हालचाल मंदावते. पहिल्या थेंबांत शुक्राणू सगळ्यात जास्त असतात. ते डबीबाहेर गेले असतील तर तसं स्पष्ट सांगा आणि तपासणी पुन्हा द्या. संकोचाने गप्प बसून चुकीचा रिपोर्ट घेऊन येणारे पुष्कळ असतात. नमुना घरून न्यायचा असेल तर डबीचं झाकण घट्ट लावून ती अंगालगतच्या खिशात ठेवा. फ्रिज नको, गाडीतलं ऊन नको. अर्ध्या तासात पोचणं उत्तम, तासाच्या पुढे नाही.

रिपोर्ट आल्यावर ठरलेली घबराट म्हणजे "फक्त ४ टक्के नॉर्मल!" हा आकडा नॉर्मल आकाराच्या शुक्राणूंचा, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत त्याची खालची मर्यादाच ४ टक्के आहे. संख्येची खालची मर्यादा मिलिलिटरमागे १६ दशलक्ष म्हणजे १ कोटी ६० लाख, आणि एकूण हालचालीची ४२ टक्के. या मर्यादा अशा पुरुषांवरून काढल्या आहेत ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात गर्भ राहिला, आणि त्यांच्यातल्याही ५ टक्क्यांचे आकडे यापेक्षा कमी होते. म्हणून रेषेखालचा आकडा म्हणजे "अशक्य" असं वाचू नका आणि रेषेवरचा म्हणजे "माझ्यात दोष नाही" असंही वाचू नका.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात. दोन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला जोराचा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. रिपोर्ट थोडा खराब असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करा. शुक्राणू अजिबात नसतील किंवा फारच कमी असतील तर वाट न पाहता लगेच दुसरी तपासणी आणि पुरुषांच्या वंध्यत्वाचा तज्ज्ञ.

स्त्रीच्या तपासण्या. एफएसएच, एलएच, इस्ट्राडायॉल ही बीजवाढीशी निगडित हार्मोन पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. एएमएच आणि थायरॉइड कोणत्याही दिवशी. सगळ्यात जास्त चुकते ती प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे बीज सुटलं का ते सांगणारी तपासणी. कागदावर "२१ वा दिवस" लिहिलेलं असतं, पण तो २८ दिवसांच्या पाळीसाठी. खरा नियम आहे पुढच्या पाळीच्या ७ दिवस आधी. पाळी ३५ दिवसांची असेल तर २८ वा दिवस. २१ व्या दिवशी रक्त दिलंत तर बीज सुटत असूनही "सुटत नाही" असा निष्कर्ष निघेल आणि नको ते औषध चालू होईल.

एएमएचकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नका. तो अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देतो, गुणवत्तेचा नाही. आपोआप गर्भ राहील की नाही, हेही तो सांगत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खाली दिसू शकतो.

बीजनलिका उघड्या आहेत का हे पाहण्याचा एक्स-रे पाळीचा स्राव थांबल्यावर आणि बीज सुटण्याच्या आधी करतात. त्या पाळीत तोवर संबंध ठेवायचा नाही. आधी घ्यायच्या वेदनाशामक गोळीबद्दल विचारा. आयोडीनची अॅलर्जी असेल तर सांगा. नलिका गर्भाशयालगत बंद दिसली तर ते नेहमीच खरं नसतं. तपासणीच्या वेळी स्नायू आकसल्यानेही तसं दिसतं.

इशारा: केस-नखांच्या गोळ्यांतलं बायोटिन काही लॅबमध्ये थायरॉइड आणि इतर हार्मोनचे आकडे बिघडवतं. रक्त देण्याआधी ते किती दिवस बंद ठेवायचं, विचारून घ्या.

आणि तपास चालू असतानाच एक गोष्ट सुरू करता येते: बाईने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. मधुमेह, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर मात्रा जास्त लागू शकते, ती डॉक्टरच ठरवतील.

## टप्पा ४: पहिली भेट

दोघांनी मिळून जा. एकाने ऐकायचं, एकाने लिहायचं. ताणाखाली ऐकलेलं निम्मं घरी पोचत नाही. प्रश्न पाचच न्या, पण हे पाच सोडू नका:

१. आमच्या बाबतीत कारण काय दिसतं आणि ते कशावरून?
२. काहीच केलं नाही तर पुढच्या वर्षभरात शक्यता किती?
३. तुम्ही सुचवताय त्या उपचाराने ती किती वाढेल?
४. हा उपचार किती वेळा करून पाहायचा आणि मग काय?
५. आमच्या वयात कोणता निर्णय लांबणीवर टाकता येणार नाही?

दुसरा प्रश्न विचारायला लोक कचरतात. पण त्याचं उत्तर नसेल तर तिसऱ्याच्या उत्तराला अर्थ उरत नाही.

तपासून पाहा: बाहेर पडल्यावर दोघांनी वेगवेगळं, न बोलता, "डॉक्टर काय म्हणाले" हे तीन वाक्यांत लिहा आणि मग जुळवा. जुळलं नाही तर फोन करून विचारा. घरी अंदाज बांधत बसू नका.

## टप्पा ५: माहिती चाळून घ्या

आता शोध घ्यायला हरकत नाही, कारण आता तुमच्याकडे निदान आहे आणि प्रश्नही. "मूल होण्यासाठी उपाय" असं शोधलंत तर जाहिराती येतील. "३७ वय, एक नलिका बंद, आययूआय की आयव्हीएफ" असा नेमका प्रश्न घेऊन बसा. (आययूआय म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं, आयव्हीएफ म्हणजे बीज शरीराबाहेर फलित करून तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडणं.)

सुरुवात ज्यांना तुम्हाला काही विकायचं नाही त्यांच्यापासून करा. एश्रे ही युरोपातली प्रजननतज्ज्ञांची संस्था आपल्या मार्गदर्शिकांच्या रुग्णांसाठी सोप्या आवृत्त्या काढते. अमेरिकेतल्या एएसआरएम या तशाच संस्थेची रुग्णांसाठी वेगळी माहितीपत्रकं आहेत. कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेचे आढावे उपचारांवरचे अनेक अभ्यास एकत्र तोलतात आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला साध्या भाषेतला सारांश असतो. इंग्रजी अवघड जात असेल तर फक्त तो सारांश भाषांतरित करून घ्या. ब्रिटनमधली एचएफईए ही नियामक संस्था आयव्हीएफसोबत जादा विकल्या जाणाऱ्या गोष्टींना रंगांच्या खुणा देते: कशाचा उपयोग दिसला, कशाचा नाही.

असे जादा उपाय का तपासायचे, त्याचं एक उदाहरण. गर्भाशयाचं अस्तर खरवडलं की गर्भ चांगला रुजतो, असं म्हणून ते वर्षानुवर्षं केलं गेलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन गटांची तुलना करणाऱ्या चाचणीत १३६४ स्त्रिया होत्या. खरवडलेल्या गटात मूल जन्मण्याचं प्रमाण २६.१ टक्के, न खरवडलेल्या गटातही २६.१ टक्के. कुणी काही जादा सुचवलं की एवढंच विचारा: यामुळे मूल जन्मण्याचं प्रमाण वाढतं, असं तुलनात्मक चाचणीत दिसलंय का?

प्रत्येक माहितीला चार चाळण्या लावा. कोणी लिहिलंय? कधी लिहिलंय? त्यांना यातून काय मिळतं? आणि ज्यांच्यावर अभ्यास झाला त्या बायका माझ्या वयाच्या, माझ्या निदानाच्या होत्या का? चौथीत निम्मी माहिती गळून पडते.

इशारा: "टेन्शन सोड, लगेच राहील" हे वाक्य या विषयात सर्वाधिक दुखावणारं आहे आणि त्याला आधारही नाही. २०११ साली १४ अभ्यासांतल्या ३५८३ स्त्रियांची माहिती एकत्र पाहिली गेली. उपचाराआधीचा मानसिक ताण आणि त्या फेरीत गर्भ न राहणं यांचा संबंध दिसला नाही. मन हलकं व्हावं यासाठी मदत घ्या, गर्भ राहण्याची अट म्हणून नको.

## टप्पा ६: यशाचे आकडे वाचायला शिका

समजा १०० जणींनी आयव्हीएफची फेरी सुरू केली. ७५ जणींच्या बाबतीत गर्भ गर्भाशयात सोडण्याची पायरी आली. ३० जणींची चाचणी पॉझिटिव्ह आली. २४ जणींना बाळ झालं. आता हेच काम तीन प्रकारे सांगता येतं: ७५ पैकी ३० म्हणून "४० टक्के यश", ७५ पैकी २४ म्हणून "३२ टक्के", १०० पैकी २४ म्हणून "२४ टक्के". तिन्ही आकडे खरेच. तुमच्या कामाचा शेवटचा, कारण तुम्ही फेरी सुरू करणार आहात आणि तुम्हाला बाळ हवंय.

म्हणून विचारायचं ते असं: "माझ्या वयोगटात, सुरू केलेल्या फेरीमागे, जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण किती?" साठवलेले गर्भ नंतर वापरून वाढणारं एकत्रित प्रमाणही विचारा. आणि जुळ्यांचं प्रमाण विचारायला विसरू नका. ते जास्त असणं ही शाबासकीची गोष्ट नाही, कारण जुळ्यांत वेळेआधी प्रसूतीचा धोका वाढतो.

## टप्पा ७: आधाराची माणसं आधी ठरवा

सगळ्यांना सगळं सांगणं आणि कुणालाच काही न सांगणं, दोन्ही महाग पडतं. तीन वर्तुळं काढा. आतल्यात एक-दोन माणसं, ज्यांना तारखा आणि निकाल कळतील. मधल्यात "उपचार चालू आहेत, बातमी आम्हीच देऊ" एवढंच. बाहेरच्यात काही नाही. कोण कुठे, हे दोघांनी मिळून ठरवायचं. एकाने न विचारता दुसऱ्याचा रिपोर्ट घरच्यांना सांगणं, यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी उपचारावरून होत नाहीत.

"काय, गोड बातमी कधी?" याचं उत्तर आधीच तयार ठेवा, म्हणजे ऐनवेळी घसा दाटून येत नाही. एक वाक्य पुरतं: "असेल तेव्हा आम्हीच सांगू, तोवर विचारू नका." आवाज न चढवता, तेच वाक्य, दर वेळी.

आधार देणाऱ्यालाही काय हवं ते नेमकं सांगा. "माझ्या पाठीशी राहा" यावर कुणाला काही करता येत नाही. "गुरुवारी तपासणीला सोबत ये", "निकालाच्या दिवशी मी फोन करीन, तू करू नकोस" यावर करता येतं.

दोघांतल्या बोलण्याला वेळ ठरवून द्या: रोज वीस मिनिटं, घड्याळ लावून, दहा तुझी दहा माझी. नंतर विषय बंद. एकाला सतत बोलावंसं वाटतं, दुसरा गप्प होतो. गप्प असणाऱ्याला दुःख नाही असा अर्थ काढला जातो, तो बहुधा चुकीचा असतो.

आधारगट निवडताना आत शिरण्याआधी दोन आठवडे फक्त वाचा. नियम लिहिलेले आहेत का? औषधांच्या मात्रा सुचवल्या की कोणी थांबवतं का? कोणी काही विकतंय का? उपचार थांबवलेल्या बायकांना तिथे जागा आहे का? त्यांना गप्प केलं जात असेल तर तुमची वेळ आल्यावर तुम्हालाही केलं जाईल. स्वतःचे रिपोर्ट टाकताना नाव, लॅबचा क्रमांक, बारकोड झाका. वाचून बाहेर पडल्यावर अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटत असेल तर तो गट तुमच्यासाठी नाही.

समुपदेशक निवडताना वंध्यत्व किंवा गर्भपात झालेल्यांसोबत काम केलंय का, हे पहिल्या फोनवर विचारा. दाता बीज किंवा दाता शुक्राणू वापरायचे असतील तर भेट निर्णयाच्या आधी घ्या, कारण मुलाला पुढे काय आणि कधी सांगायचं याचा विचार तेव्हाच करावा लागतो.

इशारा: दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलेलं, कामात लक्ष नाही, कशातच रस नाही, असं असेल तर हे "साहजिकच आहे" म्हणून सोडू नका. डॉक्टरांना सांगा. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, एकटं न राहता, तातडीच्या सेवेकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. हे पुरुषांनाही तितकंच लागू आहे, आणि त्यांना कोणी विचारत नाही.

## टप्पा ८: निकालाची वाट पाहण्याचे दिवस

बीज सुटण्यासाठी दिलेल्या एचसीजीच्या इंजेक्शनचा अंश १० ते १४ दिवस शरीरात राहू शकतो. घरची गर्भचाचणी हेच हार्मोन शोधते, त्यामुळे लवकर केली तर ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट, फार लवकर आलेली निगेटिव्हही खोटी असू शकते. ती पाहून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. छाती जड होणं, पोट फुगणं हे प्रोजेस्टेरॉनमुळेही होतं, त्यावरून अंदाज बांधू नका. सांगितलेल्या तारखेला रक्ताची तपासणी करा.

निकालाचा फोन कोण घेणार, कुठे, आणि पुढचे दोन तास मोकळे आहेत का, हे आदल्या दिवशी ठरवा.

पुढची लक्षणं असतील तर गटात विचारत बसू नका, लगेच दवाखाना गाठा: बीजवाढीच्या इंजेक्शनांनंतर पोट वेगाने फुगणं, वजन दिवसाला किलोभर वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं. चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, चक्कर किंवा बेशुद्धी. पहिल्यात अंडाशय अतिउत्तेजित झालेले असू शकतात, दुसऱ्यात गर्भ नलिकेत असू शकतो. दोन्हीत तास महत्त्वाचे.

## टप्पा ९: थांबण्याची रेघ आधी आखा

ही रेघ उपचार सुरू होण्याआधी आखावी लागते. निगेटिव्ह निकालाच्या संध्याकाळी कोणालाच नीट विचार करता येत नाही. कागदावर चार गोष्टी लिहा: किती फेऱ्या, कोणत्या तारखेपर्यंत, किती पैसे, आणि शरीराला किती सोसायचं. दाता बीज, दत्तक, मुलाशिवायचं आयुष्य, यांतलं काय आज "नाही", काय "कदाचित", हे दोघांनी वेगवेगळं लिहून मग एकमेकांना दाखवा. दत्तकाची प्रक्रिया वेळ घेते आणि तिथे वयाच्या अटी असू शकतात. "कदाचित" असेल तर त्याची माहिती उपचार चालू असतानाच काढून ठेवा.

फेरी फसली तर पुढची तारीख घेण्याआधी डॉक्टरांसोबत आढाव्याची वेगळी भेट मागा: बीजं किती मिळाली, किती फलित झाली, गर्भ कोणत्या दिवसापर्यंत वाढले, पुढच्या वेळी काय बदलणार. "पुन्हा तेच करून पाहू" एवढंच उत्तर मिळालं तर सगळ्या नोंदींच्या प्रती घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. प्रती मागताना प्रयोगशाळेतली गर्भवाढीची नोंदही मागा. ती सहसा आपणहून दिली जात नाही, आणि दुसरे डॉक्टर पहिल्यांदा तीच पाहतात.

मग तो चार ओळींचा कागद काढा. रेघ बदलावीशी वाटली तर बदला, पण निकालानंतर दोन आठवडे गेल्यावर, दोघांच्या सहीने आणि नवी तारीख टाकून.